देवीला थंडी वाजली

रतनबाईच्या अंगात वाघजाई यायची, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. कान्ह्याच्या स्टेशनापासून आत, डोंगराच्या अंगाला ही वाडी. चैत्रात जत्रा भरली, पालखी निघाली, हलगी कडकडली की रतनबाई घुमायला लागायची, आणि मग तिच्यापुढं कुणाची मान वर करायची टाप नसायची. एरवी म्हणाल तर बाई लोण्याहून मऊ. शेजारणीनं उसनी नेलेली किसणी परत मागायची तरी हिला आठवडाभर धीर गोळा करावा लागे. सुनेला हाक मारायच्या आधी "कामात हायेस का गं?" असं विचारून घ्यायची. पण जत्रेदिवशी हीच बाई सरपंचाला "बस खाली" म्हणायची, आणि सरपंच मुकाट बसायचा.

देवी येते म्हणजे नेमकं काय होतं, असं कुणी विचारलं तर ती सांगायची, तळपायातून आग निघते, पोटऱ्यांतून वर चढते, पोटात येते, आणि एकदा डोक्यात गेली की पुढचं मला काही ठाऊक नाही. आणि खरंच नसायचं. शुद्धीवर आली की लोकांना विचारत फिरायची, मी काय बोलले, कुणाला लागेल असं तर नाही ना बोलले? ज्याच्या अंगात देव येतो त्याला आमच्याकडं झाड म्हणतात. पलीकडच्या गावात असंच एक झाड होतं, ते भावकीत बांधावरून भांडण झालं की मुद्दाम घुमायचं आणि देवाच्या तोंडून बांध हातभर सरकवून घ्यायचं. त्याचं नाव निघालं तरी रतनबाई कानाला हात लावायची. तीस वर्षांत तिनं देवीच्या नावावर पदरचं एक अक्षर खपवलं नव्हतं.

अशा या गरीब गाईला गेल्या वर्षी कॅन्सर झाला. आता कॅन्सर काय माणूस बघून होतो? उजव्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि तळेगावच्या बाजूला एका हॉस्पिटलात किमो सुरू झाला. किमोच्या औषधानं हाताच्या शिरा पार कडक झाल्या, सुई म्हणून लागेना. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डाव्या दंडातून एक बारीक नळी आत सोडली, ती थेट काळजाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत. बाहेर राहिलं बोटभर शेपूट, त्याच्या टोकाला टोपी, आणि वरून चिकटपट्टी. औषध त्यातून द्यायचं, रक्त त्यातून काढायचं, आणि दर आठवड्याला सलाइनची पिचकारी मारून ती आतून धुवायची.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं मात्र नीट. म्हणाल्या, ही नळी म्हणजे रक्तात जायची उघडी वाट आहे. औषध जातं तसे जंतूही जातील. किमोनं तुमच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, म्हणजे आत राखणीला कुणी नाही. कधी थंडी वाजली, ताप आला, तर घरी गोळी घेऊन पांघरूण ओढून पडायचं नाही. असाल तशा निघायचं आणि इथं यायचं. उशीर झाला तर जीव जातो.

रतनबाईनं मान डोलावली, पण मनावर घेतलं ते तिच्या सुनेनं, सवितानं. सविता कुसगावच्या एका हॉटेलात खोल्यांची साफसफाई करणाऱ्या बायांवर मुकादम होती. चादरीवर एक केस सापडला तर ती अख्ख्या मजल्याची झोप उडवायची. तिच्या हाती आता सासूची नळी आली. मग काय विचारता. दारात पाण्याची बादली, साबण आणि तिची ती नजर. "हात धुतले का?" हा घरातला रामराम झाला. नवरा उमेश लोणावळ्यात टूरिस्टांना पॉइंट दाखवत गाडी फिरवायचा, तो दमून भागून यायचा तरी त्याला उंबऱ्यावरून माघारी धाडायची. देवळाचे पुजारी महिपती आबा प्रसाद घेऊन आले, त्यांनाही तिनं बादली दाखवली. आबा म्हणाले, मी देवाचा माणूस आहे. सविता म्हणाली, देवाचं मी विचारलं नाही, तुमचे हात धुतलेत का ते विचारलं. आबांनी कोपरापर्यंत धुतले.

चैत्र जवळ आला तशी वाडीत कुजबुज सुरू झाली. घुमताना झाडाचे केस मोकळे सोडायचे असतात, आणि रतनबाईच्या डोक्यावर तर किमोनं एक केस ठेवला नव्हता. बोडक्या झाडात देवी येईल का? आबांनाही कोडं पडलं. सवितानं मात्र कोडं केव्हाच सोडवलं होतं. पेशी कमी आहेत, गर्दीत जायचं नाही. ओट्यावर खुर्ची टाकून देते, तोंडाला मास्क लावून लांबूनच पालखी बघायची. यंदा देवीनं दुसरं घर बघावं.

आता यात कस्तुराबाई कुठं आली ते सांगतो. कस्तुराबाई ही रतनबाईची चुलतजाऊ. दोघी एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन वाडीत आल्या, एकाच विहिरीवर रडल्या आणि एकाच विहिरीवर हसायला शिकल्या. रतनबाई जितकी मऊ, तितकी ही खणखणीत. बोलली की पलीकडच्या आळीतली कुत्री उठून बसायची. पण रतनबाईनं घरी येऊन सांगितलेलं डॉक्टरीणबाईंचं "आत राखणीला कुणी नाही" हे वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. रतनीच्या अंगात उघडी वाट आणि राखणीला कुणी नाही, म्हणजे काय? मग तिनंच उपाय काढला. वाघजाई अख्ख्या गावाची शीव राखते, तिला एवढीशी नळी राखता येणार नाही? नव्या मोटारसायकलीला अंगारा लावतात, गोठ्याच्या खांबाला लावतात, मग नळीनंच काय घोडं मारलंय?

सविता कामाला गेलेली बघून कस्तुराबाई आली. पट्टीची खालची कड जराशी सुटलेली होती, तिथून तिनं देवीच्या पुढचा अंगारा चिमूटभर आत सारला आणि पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. रतनबाईला बाई बरं वाटलं, राखण बसली म्हणून. हात मात्र कस्तुराबाईनं त्याआधी साबणानं दोनदा धुतले होते. सविताची शिस्त म्हणजे शिस्त.

जत्रेचा दिवस उजाडला. नेमका नळी धुवायचा दिवस तोच. हॉटेलात सुट्टीची गर्दी, सविताला रजा मिळाली नाही. तिनं घाईघाईत पण रीतसर हात धुतले, टोपी स्पिरिटनं घासली, सुकू दिली, आणि सलाइन आत सोडलं. पट्टी उद्या बदलायचीच होती म्हणून उचकून बघितली नाही. सासूला ओट्यावरच्या खुर्चीत बसवलं, डोक्याला फडकं बांधलं, तोंडाला मास्क लावला, थंडी वाजली तर फोन करायचा म्हणून बजावलं, आणि स्कूटी काढून कुसगावला गेली.

पालखी देवळातून निघाली. हलगी, संबळ, पिपाणी, वर डीजेचं धुमशान. पोरं गुलालानं न्हाली होती. रतनबाईचे पाय खुर्चीतल्या खुर्चीत ताल धरू लागले. कितीतरी महिन्यांनी तिला असं हलकं, मोकळं वाटत होतं. आणि तेवढ्यात तिच्या पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध, कुणीतरी बर्फाचा खडा ठेवला.

आधी तिला वाटलं वारा असेल. मग ती थंडी पाठीवरून खाली उतरली, दोन्ही दंडांत शिरली, आणि दात वाजायला लागले. हनुवटी थरथरली, हात उडायला लागले, खुर्ची ओट्यावर खडखड वाजू लागली. रतनबाईला लगेच कळलं. देवी येते ती खालून येते आणि आग घेऊन येते. ही वरून आली होती आणि गार होती. हे दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय हे डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. फोन आत कट्ट्यावर होता. ती उठायला गेली, परत खुर्चीत आदळली, आणि डोक्याचं फडकं सुटून खाली पडलं.

पालखी बरोब्बर दारासमोर होती. कुणाच्या तरी नजरेला पडलं, बोडक्या डोक्याची रतनबाई थडथडा हलतेय.

"आली," आबा ओरडले. "बोडक्या झाडात आली. हिला म्हनत्यात देवी!"

पालखी थांबली. डीजे बंद पडला आणि हलगीनं जोर धरला. अख्खी वाडी ओट्यापुढं लोटली. बायांनी पाय धरले, कुणी पायांवर पाणी ओतलं, आधीच गारठलेल्या बाईच्या पायांवर गार पाणी. रतनबाई दातांवर दात आपटत म्हणाली, अगं देवी नाही, मला थंडी वाजतेय. पण आमच्याकडची रीत अशी, की देवी पहिल्या फटक्यात कधी कबूल होत नाही. तू कोण म्हणून विचारलं तर ती हटकून म्हणते, मी रतन. मग तिला आळवायचं, नारळ द्यायचा, तेव्हा कुठं ती नाव सांगते. त्यामुळं रतनबाई जितक्या वेळा म्हणाली की मी रतन आहे, तितक्या वेळा लोकांची खात्री पटत गेली.

तिनं गोधडी मागितली, बायांनी हिरवं लुगडं पांघरलं आणि कपाळी मळवट भरला. तिनं फोन मागितला, आबा हसून म्हणाले, आई, तुला फोन कशाला, तू नुसतं मनात आण. तिनं उमेशला हाक मारली. एरवी आईनं हाक मारली की "आलो आलो" करत तासाभरानं येणारा उमेश, देवीपुढं मात्र हाकेसरशी आडवा झाला आणि कपाळ जमिनीला लावून पडून राहिला. ती वरून सांगत होती, उमेश, गाडी काढ, दवाखान्यात जायचंय. तो खालून म्हणत होता, चुकलं माकलं पदरात घे आई. कुणीतरी विचारलं, यंदा बोअरला पाणी लागंल का. कुणाला पोरीच्या लग्नाचं पडलं होतं. हौशीराम हलगीवाल्याचे तर डोळेच भरून आले, तो वाजवताना रडत होता.

आणि रतनबाईला भीती वाटली. साधी, नागडी भीती. उशीर झाला तर जीव जातो. तिला मरायचं नव्हतं. डोक्यावर नुकतीच कापसासारखी लव उगवायला लागली होती, ते नवे केस कसे येतात ते तिला बघायचं होतं. आणि भोवती इतकी माणसं, सगळी तिच्यावर जीव टाकणारी, आणि त्यातलं एकही तिचं ऐकत नव्हतं. रतनचं कुणीच ऐकत नव्हतं. ऐकणार होते ते फक्त देवीचं.

तिनं पालखीकडं पाहिलं. पितळी मुखवटा गुलालानं लालेलाल झाला होता. रतनबाई मनात म्हणाली, आई, आज तुझं नाव घेते, आणि खोटं घेते. मागनं काय करायचं ते कर माझं, पण आधी मला तळेगाव गाठू दे.

मग तिनं लांब हुंकार दिला. सगळे गप्प झाले, आणि रतनबाई अडली. देवी बोलते कशी? तीस वर्षं तिच्या तोंडून बोलणारी देवी तिनं स्वतः कधी ऐकलीच नव्हती. आवाज कसा काढायचा, डोळे कसे वटारायचे, काही म्हणजे काही ठाऊक नाही. लोक तोंडाकडं बघतायत, हिला शब्द सापडेना. जगात लोकांना चळाचळा कापायला लावणारं असं कोण तिनं ऐकलं होतं? एकच आवाज आठवला. तिनं तोच काढला.

"हात धुतले का?"

आबा दोन पावलं मागं सरकले. आवाज असा करडा, असा धारदार, की रतनबाईचा म्हणून ओळखू येईना. तो कुणाचा हे उमेशला तेवढं अर्धवट ओळखीचं वाटलं असावं, कारण तो कपाळ वर न उचलताच हात खांद्यावरच्या टॉवेलाला पुसायला लागला, आणि आपल्या खांद्यावर टॉवेलच नाही हे त्याला मागाहून कळलं.

मग देवी सुटलीच. पायाला हात लावू नका म्हणाली. गुलाल लांब ठेवा म्हणाली. आबांना म्हणाली, ते बोट मघाशी नाकात होतं, मी बघितलंय. बादलीपुढं रांग लागली. सरपंच हात धुऊन ओले हात वर धरून उभा राहिला. यंदा देवीचं रूप लय उग्र आहे, असं बाया एकमेकींना सांगू लागल्या. रतनबाईचे दात वाजत होते, पाठ वाकत होती, आणि आत खोलवर कुठंतरी तिला गुदगुल्या झाल्यासारखं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती शुद्धीवर राहून लोकांना दटावत होती.

"गाडी काढा," ती म्हणाली. "मला तळेगावला न्या."

आबांनी हात जोडून विचारलं, तळेगावात कुठल्या देवळात?

"हॉस्पिटलात."

हलगी थांबली. आबांनी आधी लोकांकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि त्यांचे डोळे बारीक झाले. जत्रेदिवशी वाघजाई शीव ओलांडत नाही. पालखीसुद्धा शिवेवरच्या चिंचेला टेकून माघारी फिरते. आजा-पणजाच्या काळापासून असंच चालत आलेलं. शीव राखणारी देवी शीव सोडून कशी जाईल? ही देवीच आहे ना, असं आबांच्या तोंडावर सरळ दिसू लागलं, आणि लोकही चुळबुळले. रतनबाईचा धीर सुटला. ती सविताचा आवाज पुन्हा काढायला गेली, तर नुसते दात वाजले.

कस्तुराबाई इतका वेळ, पायाला हात लावू नका म्हटलं तरी, रतनबाईचे पाय घट्ट धरून बसली होती. ती उठली. कमरेला पदर खोचला.

"आबा, शीव कुनी आखली?"

आबा म्हणाले, देवीनं.

"मग तिची शीव ती तळेगावापतुर सरकवंल न्हाईतर मुंबईपतुर नेईल. तुमी कोन तिला अडवनार?" आणि तिनं उमेशच्या दंडाला धरून त्याला उभा केला. "चावी कुटंय? काढ गाडी."

 उमेशनं गाडी काढली. देवी मधल्या सीटवर, कस्तुराबाई तिला आवळून धरून, आबा पुढं भंडाऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन, मागं कोंबून हौशीराम आणि हलगी. मागून टेम्पोत निम्मी वाडी. शिवेवरच्या चिंचेपाशी सगळ्यांनी श्वास धरला. गाडी पुढं गेली, आभाळ काही कोसळलं नाही, आणि हौशीरामनं हलगीवर अशी थाप मारली की आबांच्या हातातली पिशवी उडाली. गाडीभर भंडारा झाला. देवी पदरात तोंड खुपसून किंचाळली, काच खाली करा, भंडारा बाहेर टाका.

कान्ह्याचं रेल्वेचं फाटक बंद होतं. फाटक आहे म्हटल्यावर ते बंदच असणार. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबलेल्या. हलगी ऐकून माणसं उतरून येऊ लागली, काचेतून हात जोडू लागली. मुंबईच्या एका गाडीतल्या बाईनं कौतुकानं विचारलं, देवी कुठं निघाली? उमेश म्हणाला, तपासून घ्यायला.

एव्हाना थंडी ओसरली होती आणि तिच्या जागी ताप आला होता. रतनबाईच्या डोळ्यांपुढं फाटकाचे लालपांढरे पट्टे फिरायला लागले. तिला वाटलं आपण पालखीत बसलोय आणि भोई फार जोरात पळतायत. तिला हसू येत होतं. एका मनानं ती म्हणत होती, बाई, तू मरतेयस, आणि दुसरं मन म्हणत होतं, पण काय थाटात.

कस्तुराबाईनं उमेशच्या खिशातला फोन काढून सविताला लावला. पलीकडून सविता ओरडली नाही, हेच भयंकर होतं. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, की वाटेत कुठल्या डॉक्टरकडं थांबू नका, गोळी देऊ नका, दारातच सांगा की नळी आहे, पेशी कमी आहेत, थंडी वाजली. मी निघाले. कस्तुराबाई ते वाक्य रस्ताभर देवाच्या नावासारखं घोकत राहिली. नळी हाय, पेशी कमी, थंडी वाजली.

लोणावळ्याकडं जाणारी लोकल धडधडत गेली, फाटक उघडलं, आणि समोरच्या गाड्यांनी देवीला आधी वाट दिली. पुढारी आला तरी देत नाहीत, पण देवीला दिली.

हॉस्पिटलच्या दारात हलगी वाजत आलेली गाडी बघून वॉचमन शिट्टी फुंकायची विसरला. कस्तुराबाई उतरली आणि मघाचं घोकलेलं वाक्य एका दमात म्हणून मोकळी झाली. आतली सिस्टर, पायल तिचं नाव, ती क्षणभर त्या बोडक्या डोक्याकडं, मळवटाकडं, हिरव्या लुगड्याकडं बघत राहिली आणि मग धावली. रक्तदाब घसरला होता, ताप चढत होता. पायलनं नळीतूनही रक्त काढलं आणि दुसऱ्या हातातूनही, जंतू कुठून आले ते दोन्हींवरून कळतं म्हणून. दुसऱ्या हाताला सुई लागेना तेव्हा तिनं मनगटावर शोधून लावली, आणि अँटिबायोटिक सुरू झालं. डॉक्टरीणबाई आल्या, पट्टी सोडली, आणि नळीच्या तोंडापाशी लाल सुजलेल्या कातडीवर राखाडी लगदा दिसला.

त्यांनी विचारलं, हे काय आहे?

सविता त्याच वेळी धापा टाकत दारात आली होती.  उमेश आबांकडं बघायला लागला, आबा भिंतीकडं.

"म्या लावला," कस्तुराबाई म्हणाली. तिचा तो खणखणीत आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. "अंगारा हाय. नळीला राखन म्हनून."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, की राख ती राखच, तिच्यात मातीतले जंतू असतात, नळीच्या कडेनं ते रक्तात उतरतात, आणि मग एखाद्या दिवशी अशी थंडी वाजते. ही नळी आता काढावी लागेल. अजून थोडा वेळ गेला असता तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. वेळेत आणलं कुणी? उमेश, आबा आणि दारातला हौशीराम तिघंही एकदम म्हणाले, देवीनं.

सविता कस्तुराबाईपुढं येऊन उभी राहिली. कस्तुराबाईनं मान खाली घातली आणि वाट बघितली.

"चुलतसासूबाई, लावताना हात धुतले होते का?"

"दोनदा," कस्तुराबाई म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली. सविता तिच्या शेजारी बसली. तिला हसावं की रडावं तेच कळेना, मग तिनं दोन्ही केलं.

नळी काढली. संध्याकाळपर्यंत वाडी हॉस्पिटलच्या बागेत बसून होती, पायलनं एकेकाला हात धुवायला लावून पाणी पाजलं आणि घरी धाडलं. पुढं बरेच दिवस रतनबाई आत होती. ताप एकदा उतरायचा, पुन्हा चढायचा, आणि सविता दर खेपेला थर्मामीटरकडं असं बघायची की त्यानं घाबरून उतरावं. शेवटी तो उतरला तो उतरलाच. रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आला. उरलेला किमो नव्या नळीतून नंतर देऊ, आधी अंग भरू दे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रिपोर्ट आला त्या दुपारी कस्तुराबाई भेटायला आली. खाटेच्या कडेला बसून तिनं रतनबाईच्या मोकळ्या दंडाकडं पाहिलं, आणि माझ्या हातून तुझा जीव जात होता म्हणाली. रतनबाई म्हणाली, तुझ्याच हातानं राहिला पण. मग तिनं दाराकडं एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. कितीतरी दिवस हे तिच्या छातीवर दगडासारखं बसलं होतं.

"कस्ते, त्या दिशी देवी आली नव्हती गं. मीच बोलत हुते. तिचं नाव घिऊन."

"ठावं हाय मला."

रतनबाई कोपरावर रेटा देऊन उठून बसली.

"तीस वर्सं तुजे पाय धरतीया मी," कस्तुराबाई म्हणाली. "देवी आली की तुजे पाय तव्यावानी पोळत्यात. त्या दिशी बर्फ हुता. म्हनून तर उठले."

रतनबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. ती म्हणाली, ते सगळं खरं, पण मी तिच्या नावानं खोटं बोलले. आता ती माझ्याकडं कशाला येईल? पुढल्या चैत्रात हलगी वाजेल आणि मी नुसती कोरडी उभी राहीन. कॅन्सरचं वाईट वाटलं त्याहून जास्त वाईट मला याचं वाटतंय.

 कस्तुराबाईनं रतनबाईचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"तीस वर्सं ती तुज्या तोंडानं बोलतीया. कंदी तुला इचारलं तिनं, रतने, आज तुजं तोंड घिऊ का म्हनून?"

रतनबाईनं मान हलवली. नाही, कधीच नाही.

"मग एक दिस तू तिचं घेतलंस. फिट्टंफाट झाली."

 रतनबाईच्या पोटातून कुठून तरी हसू निघालं, ते वर चढत गेलं, आणि ती अशी हसत सुटली की शेजारच्या खाटेवरची म्हातारी काय झालं म्हणून उठून बसली.